सार्वजनिक धोरण हा मुख्य विषय घेऊन पदवी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवेशाचे दिवस आले की तेच प्रश्न फिरून फिरून येतात, कधी विद्यार्थ्यांकडून, कधी पालकांकडून. मी हा विषय पदवीच्या वर्गांना शिकवते, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे हे उघड आहे. तरीही हा विषय सगळ्यांनी घ्यावा असं मला वाटत नाही. कोणी घेऊ नये, तेही खाली लिहिलं आहे.

सार्वजनिक धोरण म्हणजे नेमकं काय शिकायचं?

सरकार काय करायचं ठरवतं, काय न करायचं ठरवतं, हे कसं ठरतं, ठरल्यावर प्रत्यक्षात काय होतं आणि त्यामुळे कोणाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हे शिकायचं. सरकार देशाचं असेल, राज्याचं असेल किंवा एखाद्या शहराचं. यातलं ‘न करायचं’ विसरू नका. एखाद्या घातक रसायनावर बंदी न घालणं हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत कोणीतरी मोजत असतं.

अभ्यासशाखा म्हणून हिचं वय फार नाही. १९५१ मध्ये हॅरॉल्ड लासवेल या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने ‘धोरणविज्ञान’ ही कल्पना मांडली. अभ्यासाची सुरुवात विषयापासून न करता समस्येपासून करा, तिच्यासाठी लागतील तेवढ्या विद्याशाखा हाताशी घ्या, आणि हे सगळं लोकशाहीच्या कामी यावं, असा त्याचा आग्रह होता. आजचे अभ्यासक्रम त्याच पायावर उभे आहेत.

राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन असताना हा वेगळा विषय कशाला?

राज्यशास्त्राला सत्ता कोणाकडे आहे, ती कशी मिळते आणि टिकते यात रस असतो. लोकप्रशासनाला यंत्रणा कशी चालते यात. सार्वजनिक धोरण एखादी समस्या समोर ठेवतं आणि विचारतं: यावर काय करता येईल, आणि जे केलं ते लागू पडलं का? तिन्हींच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत, त्यामुळे नावावरून भांडण्यात अर्थ नाही. अभ्यासक्रमाची विषययादी वाचा, नाव वाचू नका.

इतके विषय एकत्र म्हणजे ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ होणार नाही का?

होऊ शकतं, आणि नीट न शिकवलेल्या ठिकाणी होतंही. म्हणून याचं उत्तर जरा सविस्तर देते.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमचं उदाहरण घ्या. जानेवारी २००६ मध्ये तिथे शहराच्या मध्यभागात गाडी आणण्या-नेण्यावर कर सुरू झाला, सात महिन्यांच्या चाचणीपुरता. अर्थशास्त्राचं म्हणणं सरळ आहे: माझी गाडी रस्त्यावर आली की मागच्या सगळ्यांना थोडा थोडा उशीर होतो, पण तो उशीर माझ्या हिशेबात येत नाही. रस्त्यावरच्या जागेला किंमत लावली की तो हिशेबात येतो. हे तत्त्व वर्गात अर्ध्या तासात शिकवून होतं. पुढचं सगळं अर्ध्या तासात होत नाही.

करसीमेवरून जाणारी वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली. पण घटली म्हणजे कशाच्या तुलनेत? जानेवारीतल्या गाड्या आदल्या ऑक्टोबरच्या गाड्यांशी ताडल्या तर फरक कराचा की थंडीचा, हे कळणारच नाही. म्हणून आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करावी लागते. इथे संख्याशास्त्र आलं. पुढे कायदा: स्वीडनमध्ये नगरपालिकेला बाहेरच्या रहिवाशांवर कर लावता येत नाही, त्यामुळे शहराच्या कोंडीवरचा हा कर राष्ट्रीय कर म्हणून आणावा लागला. मग राजकारण: सुरुवातीला बहुसंख्य लोक विरोधात होते. आधी चाचणी झाली, लोकांनी मोकळे रस्ते अनुभवले, आणि सप्टेंबरमध्ये सार्वमत झालं तेव्हा शहरवासीयांनी थोड्या फरकाने कराच्या बाजूने कौल दिला. सार्वमत आधी घेतलं असतं तर? आसपासच्या ज्या नगरपालिकांनी आपापलं मतदान घेतलं, तिथे बहुतेक ठिकाणी कौल विरोधात गेला. ऑगस्ट २००७ पासून कर कायम झाला.

आता खरा अवघड प्रश्न. मोकळा रस्ता आणि स्वच्छ हवा शहरात राहणाऱ्यांना मिळणार, आणि रोज बाहेरून कामाला येणारे पैसे भरणार. मग कौल कोणाचा धरायचा? जमलेला पैसा कोणासाठी खर्चायचा? हा नीतिमीमांसेचा, म्हणजे न्याय्य काय आणि अन्याय्य काय याचा प्रश्न आहे, आणि वाहतुकीचे कितीही आकडे जमवले तरी तो सुटत नाही.

एक कर, आणि त्याला हात घालायला पाच विद्याशाखा लागल्या. चिंध्यांची गोधडी होते ती दोऱ्यामुळे. इथे तो दोरा म्हणजे तुमचा प्रश्न. प्रश्न हातात नसताना थोडं अर्थशास्त्र, थोडा कायदा, थोडं समाजशास्त्र असं गोळा करत गेलात, तर तुमची भीती खरी ठरेल.

दुसरी अट मी माझ्या प्रत्येक विद्यार्थ्याला घालते: एक विद्याशाखा तरी अशी निवडा की तिच्या तळाशी जाल. बाकीच्यांची भाषा समजली तरी चालेल, पण एक भाषा तुमची स्वतःची हवी.

प्रत्यक्षात कोणकोणते विषय असतात?

तपशील संस्थेप्रमाणे बदलतो, पण सांगाडा बराच सारखा असतो. पहिल्या टप्प्यात सूक्ष्म अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, शासनव्यवस्थेची ओळख आणि लेखन. त्यानंतर सार्वजनिक वित्त, धोरणविश्लेषण, संशोधनपद्धती, कायदा आणि नीतिमीमांसा. जोडीला एखादं क्षेत्र निवडायचं: आरोग्य, शिक्षण, पर्यावरण, शहरं, तंत्रज्ञान, सामाजिक सुरक्षा. शेवटी एक मोठा प्रकल्प किंवा प्रबंध. ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द माहितीपत्रकात सगळेच छापतात. तो खरा आहे की नाही हे शेवटच्या प्रकल्पावरून कळतं: तिथे दोन विद्याशाखांची साधनं एकाच प्रश्नावर वापरावी लागतात का, ते विचारा.

मला गणिताची भीती वाटते. जमेल का?

संख्याशास्त्र टाळता येणार नाही, हे आधीच सांगते. पण इथलं गणित सूत्रं पाठ करण्याचं नाही, शंका घेण्याचं आहे.

एक नमुना देते. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या ओकलंड शहरात बेरोजगारांना काम मिळावं म्हणून केंद्र सरकारने २ कोटी ३० लाख डॉलरची योजना जाहीर केली. सुमारे ३,००० नोकऱ्या अपेक्षित होत्या. पैसा मंजूर होता, उघड विरोध कोणाचाच नव्हता, तरी वर्षं उलटली आणि हाती फार थोडं लागलं. जेफ्री प्रेसमन आणि एरन विल्डाव्स्की या राज्यशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये या योजनेचा माग काढला. ठिकठिकाणी वेगवेगळ्या खात्यांचा आणि लोकांचा होकार लागत होता, आणि असे होकार त्यांनी मोजले तेव्हा ते ७० भरले. आता कागद घ्या. प्रत्येक होकार मिळण्याची शक्यता शंभरात ९५ धरा आणि ०.९५ ला स्वतःशीच ७० वेळा गुणा. उत्तर येतं ०.०३ च्याही खाली. शंभर योजनांपैकी तीनही तडीस जाणार नाहीत. शक्यता ९९ धरली तरी उत्तर निम्म्याच्या किंचित खालीच राहतं.

एवढाच गुणाकार, पण तो कळला की ‘सगळे तयार आहेत, मग काम का होत नाही’ या प्रश्नाकडे पाहण्याची नजर बदलते. हे गणित तुम्हाला जमेल.

आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम लक्षात ठेवा. पुरेसं गणित केलेलं नव्हतं म्हणून तिला अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश मिळाला नाही. ती राज्यशास्त्राकडे गेली. सामायिक जंगलं, पाण्याचे पाट, मासेमारीची क्षेत्रं लोक स्वतः नियम करून पिढ्यान् पिढ्या कशी सांभाळतात, याचा तिने जगभर अभ्यास केला. सरकारी मालकी किंवा खासगी मालकी, असे दोनच मार्ग मानले जात होते, तिथे तिने तिसरा दाखवला. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. गणिताला तिने पाठ दाखवली नाही, हेही सांगायला हवं. पुढे तिच्या कामात खेळ-सिद्धांत (एकमेकांच्या निर्णयांवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित) आणि प्रयोगशाळेतले प्रयोग दोन्ही आले. प्रश्नाला लागेल ते साधन ती शिकत गेली.

त्यापेक्षा डेटा सायन्स शिकलेलं बरं नाही का?

डेटा सायन्स जरूर शिका. तेवढंच शिकून धोरणाला हात घातला तर काय होतं, ते नेदरलँड्समध्ये दिसलं. बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक शोधण्यासाठी तिथल्या कर खात्याने जोखीम मोजणारी प्रणाली वापरली. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला, त्यात परदेशी मुळांची कुटुंबं मोठ्या संख्येने होती. कागदपत्रांतल्या किरकोळ चुकीसाठीही आधी दिलेला संपूर्ण भत्ता परत मागितला गेला. घरं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला.

दोष कुठे होता? प्रणालीत होता, कारण राष्ट्रीयत्वाची माहिती जोखीम ठरवताना वापरली गेली. कायदा लावण्यात होता, कारण ‘एक चूक म्हणजे सगळा भत्ता रद्द’ असा अर्थ काढला गेला. तक्रार ऐकणाऱ्या यंत्रणेतही होता, कारण माणसं वर्षानुवर्षं सांगत होती आणि कोणी मानत नव्हतं. नुसत्या प्रोग्रॅमरला यातला पहिला दोष दिसेल, नुसत्या वकिलाला दुसरा. तिन्ही एकत्र पाहणारं माणूस त्या खोलीत असायला हवं होतं, असं मला हे प्रकरण शिकवताना दरवेळी वाटतं.

चांगला पुरावा असला की चांगलं धोरण होतंच ना?

नाही. हे पहिल्याच वर्षी कळलं तर बरं.

मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ ही योजना सुरू केली. मुलं शाळेत गेली आणि घरच्यांची आरोग्य तपासणी झाली, की आईच्या हातात रोख रक्कम. योजना लागू पडते का हे पाहण्यासाठी ५०६ खेडी निवडली. त्यांतल्या ३२० खेड्यांना आधी लाभ मिळाला, १८६ खेड्यांना नंतर, आणि कोणाचा क्रम आधी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं, कोणाच्या मर्जीने नाही. त्यामुळे दोन गटांची तुलना विश्वासार्ह झाली. शाळेतली हजेरी वाढली, विशेषतः वरच्या इयत्तांतल्या मुलींची. पुढे सत्ता दुसऱ्या पक्षाकडे गेली, तरी योजना टिकली, फक्त नाव बदललं. ती टिकण्यात या पुराव्याचा वाटा होता. पण २०१९ मध्ये आणखी एका सरकारने ती बंद केली. पुरावे तेव्हाही तिथेच होते.

त्याच देशाच्या राजधानीत १९८९ पासून नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यावरून प्रत्येक गाडीला आठवड्यातून एक दिवस बंदी होती. हेतू हवा स्वच्छ करण्याचा. अनेक घरांनी वेगळ्या आकड्याची दुसरी गाडी घेतली, पुष्कळदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. हवा सुधारल्याचा पुरावा नंतरच्या अभ्यासात सापडला नाही. नियम करणाऱ्याला वाटतं लोक आहेत तिथेच थांबतील. लोक थांबत नाहीत, वाट काढतात, आणि मग रोगापेक्षा उपाय भारी पडतो. पुरावा कसा तयार होतो हे जितकं शिकायचं, तितकंच तो सत्तेच्या आणि लोकांच्या हाती पडल्यावर त्याचं काय होतं हेही शिकायचं.

माझी राजकीय मतं ठाम आहेत. अडचण होईल का?

मतं असावीत. ज्याला कशाचंच काही वाटत नाही, त्याने धोरण शिकून काय करायचं? मी एवढंच मागते की विरोधी बाजूचा युक्तिवाद असा लिहा की त्या बाजूच्या माणसाने म्हणावं, ‘हो, मला हेच म्हणायचंय.’ हे जमायला काहींना वर्ष लागतं. काहींचं मत या खटाटोपात बदलतं, काहींचं आणखी पक्कं होतं. दोन्हींत मला आनंदच आहे.

लेखन कसलं असतं?

मुख्यतः धोरण-टिपण. एक किंवा दोन पानं, वाचणारा एक ठरावीक अधिकारी, त्याच्याकडे दहा मिनिटं. समस्या काय, पर्याय कोणते, प्रत्येकाचा खर्च आणि धोका काय, तुमची शिफारस कोणती. दीर्घ निबंधापेक्षा हे कितीतरी कठीण आहे.

पहिल्या सत्रातल्या जवळपास प्रत्येक टिपणाच्या शेवटी एक वाक्य असतं: ‘याबाबत जनजागृती करण्यात यावी.’ मी ते खोडते. कोणी करायची? कोणत्या पैशातून? लोकांना माहिती नाही म्हणून अडलंय, हे कशावरून? बहुतेक वेळा लोकांना माहीत असतं, पण खिडकी दुपारी बंद होते आणि त्यांना कामावरून तेव्हाच सुटी मिळते. ‘करण्यात यावी’ या क्रियापदात करणारा लपतो. करणाऱ्याला नावानिशी, म्हणजे पदानिशी, वाक्यात आणलं की निम्म्या शिफारशी तिथेच गळून पडतात आणि उरलेल्या वाचण्याजोग्या होतात.

क्षेत्रकाम आणि इंटर्नशिप खरंच गरजेची आहे का?

हो. मायकेल लिप्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाने १९८० मध्ये एक गोष्ट ठासून मांडली: शिक्षक, पोलीस शिपाई, अर्ज घेणारा कारकून, ही माणसं धोरण नुसतं राबवत नाहीत, रोजच्या निर्णयांतून ते घडवतात. वेळ कमी, माणसं खूप, नियम संदिग्ध. मग कोणाला आधी घ्यायचं, कोणाला परत पाठवायचं, हे खिडकीमागचं माणूस ठरवतं. नागरिकाला भेटणारं सरकार ते तेवढंच.

म्हणून इंटर्नशिप निवडताना नावाच्या मागे लागू नका. मोठ्या संस्थेत सादरीकरणाच्या स्लाइड सजवण्यापेक्षा एखाद्या छोट्या कार्यालयात सहा आठवडे अर्जांचे गठ्ठे लावलेले बरे. कोणता रकाना लोक चुकवतात, कोणत्या दाखल्यावरून माणसं माघारी जातात, हे तिथे दिसतं.

नोकरी कुठे मिळते?

सरकारी खाती, शहर प्रशासन, कायदेमंडळांची संशोधन कार्यालयं, लेखापरीक्षण आणि नियामक संस्था, संशोधन संस्था, स्वयंसेवी आणि आंतरराष्ट्रीय संस्था, सल्लागार कंपन्या, पत्रकारिता. कंपन्यांमध्येही नियमन आणि सरकारशी संबंधित कामाचे विभाग असतात.

पालकांना स्पष्ट सांगते: वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीसारखा ‘पदवी घेतली की हा व्यवसाय’ असा सरळ रस्ता इथे नाही. मुलाखतीत पदवीच्या नावापेक्षा काम विचारलं जातं. माहितीचा संच स्वच्छ करता येतो का, अंदाजपत्रक वाचता येतं का, दोन पानांत नेमकं लिहिता येतं का. पदवीच्या काळात अशा कामाचे तीन-चार नमुने तयार ठेवा. दुसरी भाषा लिहिण्या-बोलण्याइतकी येत असेल तर तिचा उपयोग वाटतो त्याहून जास्त होतो.

पदव्युत्तर शिक्षण लागतंच का?

विश्लेषक म्हणून वरच्या पदांवर जायचं असेल तर बहुधा लागतं. पण लगेच नको. दोन-तीन वर्षं काम करून गेलेले विद्यार्थी तिथे वेगळे प्रश्न विचारतात. कायदा, सार्वजनिक आरोग्य, नगररचना, अर्थशास्त्र, या पदवीवरून सगळीकडे वळता येतं. मात्र अर्थशास्त्राकडे वळायचं असेल तर पदवीतच जास्तीचं गणित घ्या.

हा विषय कोणी घेऊ नये?

ज्याला निश्चित उत्तर असलेली कोडी सोडवण्यात सुख आहे, त्याने नको. १९७३ मध्ये होर्स्ट रिटेल आणि मेल्विन वेबर या नियोजनाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की धोरणाच्या समस्या गणितासारख्या ‘सुटत’ नाहीत. समस्या काय आहे यावरच लोकांचं एकमत नसतं, आणि प्रत्येक उपाय खऱ्या माणसांवर होत असल्याने चूक पुसून नव्याने सुरुवात करता येत नाही. हे वाचून ज्याला अस्वस्थ वाटलं पण पुढे वाचावंसंही वाटलं, त्याने या.

फक्त स्पर्धा परीक्षेची तयारी म्हणून येणाऱ्यांनाही मी दोनदा विचार करायला सांगते. उपयोग होतो, पण अभ्यासक्रम त्यासाठी आखलेला नसतो, आणि तिसऱ्या वर्षी प्रबंध लिहिताना ते ओझं वाटू लागतं.

प्रवेशाला अजून काही महिने आहेत. तोवर काय करू?

पुस्तकांची यादी देत नाही. तुम्ही रोज वापरता अशी एक सार्वजनिक सेवा निवडा: बस, पाणी, वाचनालय, कचरा, काहीही. तिचं वेळापत्रक किंवा नियम कोण ठरवतं ते शोधा. तो नियम कुठे लिहिलाय ते शोधा आणि मूळ शब्दांत वाचा. तिच्यासाठी पैसा किती आणि कोणाकडून येतो, ते प्रसिद्ध झालेल्या अंदाजपत्रकात बघा. मग ती सेवा देणाऱ्या एकाशी आणि ती न मिळालेल्या एकाशी बोला. या वाटेवर कोणीतरी तुम्हाला म्हणेल, ‘हे आमच्याकडे येत नाही, तिकडे विचारा.’ त्याचं पद, तारीख आणि त्याने कुठे पाठवलं ते वहीत लिहा, आणि तिकडे जा.